घरातली समोर आहे

१२ जानेवारी, सोमवार

संयोगितानं वही आणून दिली. म्हणाली, "आये, रोज लिही. चष्मा कुटं चुकला, कुटं बरोबर बोलला, पप्पा काय म्हणाले. जसं बोलतीस तसंच लिही." ती वही तिच्या कामाची. ही दुसरी मी मागून घेतली. तिला दाखवायचं नाही ते ह्यात. मी चौथी शिकलेली बाई. अक्षर वाकडं आहे, पण माझं मला वाचता येतं, बास.

तर चष्मा आला. दिसायला साधा, जाड काळ्या काड्यांचा. त्यात बारका कॅमेरा आहे आणि काडीतनं कानाजवळ आवाज येतो. खिशातल्या फोनला तो जोडलेला असतो. संयोगिता म्हणते हा चष्मा नाही, हा कॉम्प्युटर आहे. म्हटलं, असू दे कॉम्प्युटर, पण पुण्याची नोकरी सोडून तू ह्याच्या नादाला का लागलीस?

"आये, फोन नवा आला तवा ज्यांनी फोनसाठी ॲप केली ती म्होरं गेली. आता चष्मे येत्यात. कंपनीनं आत्ता कुटं बाहेरच्यास्नी ह्यातला कॅमेरा वापरू दिलाय. जत्रा भरायच्या आदी जागा धरायची असती."

जत्रा कळली. बाकीचं नाही.

ती आणि तिची मैत्रीण ब्राह्मी सांगलीत ब्राह्मीच्या वडलांच्या भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर बसून ॲप करतात. नाव ठेवलंय वाटाड्या. ज्याला दिसत नाही त्याला समोर काय आहे ते चष्म्यानं मराठीत सांगायचं.

ज्याला दिसत नाही तो म्हणजे आमचे हे. फौजेत हवालदार होते. पेन्शनीत घरी आले आणि काचबिंदूनं हळूहळू दोन्ही डोळे नेले. त्याला पाच-सहा वर्षं झाली. तेव्हापासनं माणूस मळ्याच्या बाहेर एकटा गेलेला नाही. काठी नको म्हणतात, लाज वाटते. माझा दंड धरतात. मी विहिरीवर तर हे विहिरीवर, मी गिरणीत तर हे गिरणीत. मला कुठं जायचं म्हटलं की आधी ह्यांचं काय ते बघायचं, आणि मग जायचंच राहतं.

संयोगिताचं म्हणणं एवढंच, पप्पा एकटे चालले तर ॲप चाललं. नाही चालले तर ती गपगुमान पुण्याला परत जाणार. उन्हाळ्यापर्यंत बघते म्हणाली.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, हे जमायचं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीला संयोगिता घरी होती. चष्म्याला माणसं ओळखायला शिकवली. जुन्या अल्बममधली काही नातेवाईक मंडळी तिनं आधीच भरून ठेवली होती. घरातल्यांची नावं मात्र ह्यांनी स्वतः बोलून सांगायची.

ती समोर उभी राहिली. हे म्हणाले, "संयू." चष्म्यानं घेतलं. मग मला पुढं ढकललं.

"आता ही कोण, नाव बोला पप्पा."

हे चष्म्याची काडी चाचपायला लागले.

"बोला की."

"तुला म्हाईत न्हाई का तुज्या आईचं नाव?"

"मला हाय वं. चष्म्याला न्हाई."

"मग तूच सांग."

"तुमच्याच आवाजात पायजे."

आता ह्यांनी माझं नाव कधी घेतलंय? अगं, ए, ऐकलं का, ह्यावर सगळा संसार झाला. आमच्यात घेत नाहीत. मी ह्यांचं घेत नाही, हे माझं घेत नाहीत. आणि माझं नाव तरी काय घेण्यासारखं आहे, धोंडुबाई! रेशनच्या कार्डावर आहे तेवढं पुरे. शेवटी हे खाकरले आणि म्हणाले, "घरातली."

संयोगिता हसून हसून खाली बसली. आता मी दिसले की चष्मा ह्यांच्या कानात सांगतो, घरातली समोर आहे. हेच मला परत मोठ्यानं बोलून दाखवतात. म्हटलं, चष्म्याला सांगा, घरातली घरात नसून कुठं असणार?

एक मात्र झालं. हे सोप्यात गेले आणि भिंतीसमोर एकदम उभे राहिले. चेहरा बदलला. हळूच म्हणाले, "संयू, आई समोर हाय म्हणतोय ह्यो." भिंतीवर सासूबाईंचा फोटो, हार घातलेला. चष्म्याला फोटो आणि माणूस ह्यातला फरक कळला नाही. संयोगिता घाबरीघुबरी झाली, लगेच पुसते म्हणाली. ह्यांनी हात जोडले होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. नगो पुसूस."

कामाच्या वहीत मी लिहिलं, फोटोला माणूस म्हणाला. चूक.

१८ जानेवारी, रविवार

अंगणात चालवलं. मी उंबऱ्यात उभी. चष्मा काय बोलतो ते ह्यांनाच ऐकू येतं, मला नाही. मला दिसतंय की म्होरं जनावरांची दगडी डोण आहे. मी ओरडले, "आवं, डोण!" थांबले. परत निघाले. "आवं, दावं पडलंय!" थांबले. "आवं, पायरी!"

संयोगितानं कपाळावर हात मारला. "आये, गप बसशील का तू? चष्म्याच्या आदी तूच बोलतीस. पप्पा चष्म्यावर चालल्यात का तुज्यावर, मला कसं कळायचं?"

"मग आपटू दे का त्यास्नी?"

"आपटू दे जरा!"

"बाप हाय तुजा त्यो."

"म्हणून तर म्हणतीय. तुजा दंड सोडून त्यास्नी..." आणि पुढचं बोलली नाही. लेकीनं अर्धं बोलून थांबलं की मला संताप येतो. बोलायचं तर पुरं बोलावं.

मग मी तोंडात पदर धरून बसले. हे डोणीला धडकले. गुडघा खरचटला. म्हणाले, "ह्या चष्म्यातल्या बाईचं बोलणं संपूस्तवर मी डोणीत जातूय. म्हणं, आपल्या समोर उजव्या बाजूस एक दगडी वस्तू आहे. मला आपण कोण म्हणतंय हितं?"

परत निघाले ते सरळ बांधलेल्या म्हशीकडं. माझा पदर सुटला आणि तोंडातनं निघालं, "थम!" कुठनं आलं देव जाणे. सुट्टीवर आले की पोरांना अंगणात कवायत करायला लावायचे, तेव्हाचं डोक्यात बसलेलं असणार. तर हे खांबासारखे जागच्या जागी उभे. एक पाय उचललेला होता तो पण तिथंच टेकला. म्हैस बघत राहिली.

संयोगितानं दोघांकडं बघितलं आणि कॉम्प्युटर उघडून बसली. तिन्हीसांजेपर्यंत चष्मा फौजी झाला. थम. दाहिने. बाएँ. सगळी बाष्कळ बडबड काढून टाकली. आणि हे चालले, डोण चुकवून, म्हैस चुकवून, पार फाटकापर्यंत.

फाटकापाशी मी जाऊन दंड पुढं केला. सवयीनं. ह्यांनी धरला.

२३ जानेवारी, शुक्रवार

शेजारी हळदीकुंकू होतं. बायकांनी धरलं, नाव घ्या, नाव घ्या. मी घेतलं, "डोळ्यावर चष्मा, चष्म्याला जीव, आकारामरावांपायी मला माझीच येते कीव." सगळ्या खिदळल्या. शेजारची क्रांती म्हणाली, "वैनी, ह्यात मान हाय का अपमान?" म्हटलं, जे घ्यायचं ते घे. उखाण्यात नाव घेतलं की त्याचं काही वाटत नाही. बोलताना जीभ वळत नाही ते वेगळं.

घरी येऊन बघते तर चष्मा बंद. सकाळी मी स्वतः चार्जिंग करून ठेवलेला. संयोगिताला फोन लावला. "तुजा चष्मा डोळ्यावर न घालताच चार्जिंग खातुया." म्हणाली असं होत नाही. म्हटलं, मी काय खोटं बोलते? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मला काय दिसतंय?"

डोणीभोवती चिखल झालाय, त्यात चपलांचे ठसेच ठसे. पाणी भरणाऱ्याला सांगितलं पाहिजे. आपलं घर असल्यासारखा फिरतो.

१ फेब्रुवारी, रविवार

आज रस्ता. मळ्यापासनं डांबरी, आणि डांबरीनं गावच्या डेअरीपर्यंत. संयोगितानं माझ्याकडनं कबूल करून घेतलं, मागं थोडं अंतर ठेवून चालायचं आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही. ती पुढं.

निम्मी वाट झकास. सायकल आली, थांबले. कुत्रं आडवं बसलेलं, वळसा घातला. माझ्याकडं वळून म्हणाले, "बगितलंस का?" म्हटलं, बघा म्होरं. मग म्हटलं, मी बोलले, चूक झाली.

मागनं उसाचा ट्रॅक्टर आला. कारखाना चालू आहे, दिवसभर ट्रॉल्या पळतात, ऊस दोन्ही अंगाला हातभर बाहेर लोंबत असतो. चष्म्यानं बाजूला घेतलं. ट्रॅक्टर गेला. चष्म्याला वाटलं संपलं. त्यानं ट्रॅक्टर मोजला, लोंबणारा ऊस नाही मोजला. मला दिसत होतं. मी बोलले नाही. कबूल केलं होतं म्हणून. उसाची वाढी, शेंड्याची धारदार पानं, गालावरनं खर्रकन गेली. चष्मा खाली पडला.

रक्त फार नव्हतं. पण हे रस्त्याकडंला बसले आणि चष्मा उचलायला हात सुद्धा फिरवला नाही. संयोगिता पुसायला गेली तर हात झटकला. मी दंड दिला. चष्मा मी पदरात गुंडाळून घरी आणला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

संयोगिता सांगलीला गेली. जाताना म्हणाली, ब्राह्मीशी बोलते, काय करायचं ते ठरवतो. पोरीचं तोंड पोळल्यासारखं झालं होतं. चष्मा कपाटावर डब्यात आहे.

खरं लिहिते, दुसरं कुणी वाचणार नाही. हे परत माझा दंड धरून विहिरीवर आले आणि मला बरं वाटलं. पोरीचं नुकसान झालं, नवऱ्याचा गाल फाटला आणि मला बरं वाटलं. असलं कसं मन? मग दिवसभर भांडी आपटली. हे म्हणाले, "कुणावर चिडलीस?" म्हटलं, ऊसवाल्यावर.

९ फेब्रुवारी, सोमवार

मेढ्याहून माझ्या भावाचा, वीरधवलचा फोन. नवं घर बांधलंय, बावीस तारखेला वास्तुशांत. "आक्का, दाजींना घिऊन यायचंच. न्हाई आलीस तर मी यिऊन बसतो तुज्या दारात." म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे त्यालाही माहीत आहे.

हे ऐकत होते. "तू जाऊन ये."

"आणि तुमाला भाकरी कोण दील?"

"मी काय बारका हाय?"

"आंधळं हायसा."

मी असंच बोलते. ह्यांनी काही रागाचं तोंड केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तुज्या म्हायेरला तू कवा गेलीवतीस?"

"मला न्हाई पडली म्हायेराची."

"आईचं झालं तवा गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी माजी गोळी चुकंल म्हणून माघारी आलीस. त्यानंतर न्हाई."

मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि आत आले. चुलीवर दूध नव्हतं.

संध्याकाळी म्हणाले, "संयूला फोन लाव. चष्मा नीट कर म्हण. मेढ्याला जायचं. साताऱ्याच्या स्टँडवर एका गाडीतनं उतरून दुसरीत मी माजा मी बसणार. तू मागं. बोलायचं न्हाई."

"आणि पुन्ना गाल फाटला म्हंजी?"

"दुसरा हाय की."

मनात म्हटलं, वीरधवलकडची बासुंदी ह्यांना लय आवडते. जिभेसाठी माणूस काय पण करतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. संयोगिता आणि ब्राह्मी दोघी आल्या. भगर-आमटी खाल्ली. ब्राह्मी गुणी पोरगी, बोलते कमी, भांडी घासू लागली तर मीच हाकलली. तिनं दहा-बारा दिवस सांगलीच्या रस्त्यावर उभं राहून ट्रॉल्यांचे फोटो काढले म्हणे. लोक विचारायचे, बाई, तुमची बागायत किती? आता लोंबणारं काहीही दिसलं, ऊस, पत्रा, फांदी, की चष्मा म्हणतो, सर नीचे. अंगणात वाळत घातलेल्या लुगड्याला पण म्हणाला. म्हटलं, असू दे, लुगड्यापुढं मान वाकवली म्हणून काही बिघडत नाही.

मग दुपारी कंपनीनं तिकडनं काहीतरी बदललं आणि उभं ॲप आडवं झालं. कॅमेराच उघडेना. दोघी तोंडं पाडून बसल्या. मला कळेना, तुमचं ॲप, तुमचे कष्ट, आणि तो कोण लांबचा बसून बंद करणार? ब्राह्मी म्हणाली, "मावशी, चष्मा त्यांचा आहे, आम्ही फक्त त्यावर करतो." म्हणजे दुसऱ्याच्या रानात घर बांधल्यासारखं. वाट द्यायची का नाही, रानवाल्याच्या मनावर. मी तर असलं एक दिवस सोसलं नसतं. ह्या पोरी रात्री उशिरापर्यंत खपल्या आणि केलं परत चालू. चिवट आहेत.

एक गोष्ट. ह्यांची एक चप्पल दोन दिवस झाले डांबरीच्या वाटेवरच्या चिलारीच्या काटेरी झुडपाखाली सापडते. कुत्रं ओढत असणार. मी गिरणीत गेले की कुत्र्याला ऊत येतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार. मेढा

वीरधवलच्या नव्या घरात बसून लिहिते. रंगाचा वास येतोय. अक्षर आज आणखीनच वाकडं आलंय.

संयोगिता बरोबर येणार होती. हेच नको म्हणाले. "तू आलीस की तुजी आई वाटंकडं बगायची सोडून तुज्यासंगं भांडती." मग आम्ही दोघंच. कऱ्हाडपर्यंत बरं गेलं, कऱ्हाडहून साताऱ्यापर्यंतही. पिशवी ह्यांच्या खांद्याला. दे म्हटलं तर म्हणाले, सामान जवानानं घ्यायचं असतं. माझा फोन पिशवीतच.

साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो. शनिवार, लग्नसराई, माणसात माणूस. ह्यांनी चष्मा नीट केला, अंगातली हिरवी फौजी जर्शी खाली ओढली आणि म्हणाले, "मागं ऱ्हा." मी मागं. निघाले. हळू, पण ताठ. एक पोरगं पळत आडवं आलं, हे थम. केळीवाल्याची पाटी, हे दाहिने. माझ्या तोंडात पदराचा बोळा. आजूबाजूच्या बायका बघत होत्या, हिला काय झालंय म्हणून.

एवढ्यात पुण्याची गाडी आली आणि सगळी माणसं त्या गाडीवर. मला एकीच्या गाठोड्यानं बाजूला सारलं. मान वर काढली, तर हिरवी जर्शी म्होरं दिसली. सुटकेचा श्वास सोडला आणि मागं चालू लागले. तोंडात बोळा तसाच. जर्शी चालली फाटकाकडं. म्हटलं, हे कुठं चालले? मेढ्याची गाडी तिकडं लागत नाही. तरी गप्प, कबूल केलं होतं. जर्शी फाटकाच्या बाहेर रस्त्यावर उतरली, तेव्हा मात्र मी पळत जाऊन दंड धरला. "आवं, कुटं निघालाय? चष्म्याला खुळ लागलं का तुमच्या?"

माणूस वळला. मिशीवाला, लख्ख डोळ्यांचा. म्हणाला, "बाई, मी तुमचा आवं न्हवं."

साताऱ्यात घरटी एक फौजी, आणि प्रत्येकाच्या अंगात तीच जर्शी.

मागं फिरले, पळत. स्टँडच्या मधोमध उभी राहिले आणि हाक मारली, "आवं! आवंऽ!" तर किती गडी वळले म्हणून सांगू! ह्या बाजूचे, त्या बाजूचे, एक तर चालत्या गाडीच्या खिडकीतनं. सगळ्यांच्या बायका आवंच म्हणतात. आमचे तेवढे वळले नाहीत. फोन करावा तर फोन पिशवीत, पिशवी त्यांच्या खांद्याला.

गाड्या मागं येत होत्या, हॉर्न देत होत्या. मला नुसती चाकं दिसत होती. मनात आलं, मीच घालवलं ह्यांना. म्हणाले होते नको, तरी सोडलं. मग आठवलं, नको कुठं म्हणाले, मागं ऱ्हा म्हणून तेच म्हणाले होते. डोकं चालेना.

चौकशीच्या खिडकीवर गेले. रांग होती, रांग मोडली. आतला म्हणाला, "ओ मावशी, लायनीत."

"नवरा चुकलाय माजा. दिसत न्हाई त्यास्नी. त्या भोंग्यावरनं सांगा."

"नाव काय?"

"हवालदार. कडेगावचं."

"नाव, नाव. हवालदार काय नाव झालं?"

मागनं एक म्हातारी म्हणाली, "घे की बाई, उखाण्यात घे." लोक हसले. मी खिडकीच्या जाळीला धरलं आणि सरळ म्हटलं, "आकाराम. आकाराम मोहिते." पहिल्यांदाच असं मोकळं घेतलं. काही आभाळ पडलं नाही. भोंग्यातनं सगळ्या स्टँडवर गेलं, आकाराम मोहिते, कडेगाव, आपल्या पत्नी चौकशी खिडकीजवळ उभ्या आहेत.

आणि मी उभी. ते कसे येणार खिडकीपाशी? खिडकी कुठं आहे हे चष्म्याला तरी माहीत का? असं म्हणतेय तोवर पलीकडच्या टोकाकडनं आवाज आला. कवायतीच्या मैदानावरचा आवाज. गाड्यांची घरघर, पोरांचा कालवा, सगळ्याच्या वरनं.

"धोंडुबाईऽऽऽ!"

म्हातारी म्हणाली, "ही कोण धोंडुबाई?"

म्हटलं, "मी." आणि पळाले.

पार शेवटाला मेढ्याची गाडी उभी. चालू. दारात एक पाय वर, एक पाय खाली, हातानं दांडा धरून आमचे हे. कंडक्टर खाली उतरून हात जोडतोय, "फौजी, सोडा आता, टाईम झाला." हे म्हणतायत, "माजी बाई यायची हाय." मला बघून कंडक्टर म्हणाला, "या बाई या, तुमच्या मालकानं गाडी अडवून धरलीया कवाची."

मी गाडीत बसले. बोलताच येईना. मला! हेच म्हणाले, "कुटं हुतीस? चष्म्यानं पाटी वाचली मेढा म्हणून, मी आलो. माघारी वळून बगतूय तर चष्मा घरातली समोर हाय म्हणंनाच. तुला फोन लावला तर माज्याच खांद्यावर वाजला."

म्हणजे चुकलं कोण, तर मी.

"दुसऱ्याच गड्याच्या मागं गेले," मी म्हटलं. "तुमचीच जर्शी हुती."

हे असे हसले की पुढच्या बाकावरची माणसं वळली. डोळे धड असलेली बायको दुसऱ्याच्या मागं गेली, आणि आंधळा बरोबर गाडीत. निम्मी वाट सरेपर्यंत मधेच आठवून हसत होते. मग हळूच म्हणाले, "नाव घेतलंस भोंग्यावर."

"मग काय करू?"

"उखाण्याबिगर."

"तुमी तरी कुटं उखाणा घातला? आक्क्या स्टँडाला कळलं धोंडुबाई म्हणून. इतकं वंगाळ नाव."

"न्हाई," म्हणाले. "लांबवर जातंय."

तुम्हाला गाडीची वाट कशी कळली, चालताना धाप कशी लागली नाही, असं विचारलं. म्हणाले, "रोज डेअरीपातूर जाऊन येत हुतो. तू गिरणीत गेलीस की." आणि खिडकीकडं तोंड केलं.

मी कुत्र्याला उगंच बडवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार. मेढा

वास्तुशांत झाली. ह्यांनी वीरधवलच्या सगळ्या घरात चष्म्यानं फिरून खोल्या बघितल्या. बघितल्या असंच म्हणाले. बासुंदी दोन वाट्या, तिसरी नको म्हणाले. म्हणजे बासुंदीसाठी आले नव्हते. मग कशासाठी आले ते मला भरल्या पंगतीत वाढताना कळलं, आणि वाढणं बाजूला ठेवून मागच्या दारी जाऊन डोळे पुसून यावं लागलं.

संयोगिताला फोनवर सगळं सांगितलं. मी चुकले ते सुद्धा. पलीकडनं आधी हसू आलं आणि मग हुंदका. ब्राह्मीनं फोन घेतला, "मावशी, आता आणखी माणसांना चष्मा द्यायचा. सांगलीत तिघं तयार आहेत." पुण्याची नोकरी कुणीच काढली नाही. मीही नाही. उगाच आठवण करून कशाला द्या?

मी आणखी चार दिवस राहणार. माहेरी. ऐसपैस.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल घरी आलो.

आज सकाळी ह्यांनी दुधाची किटली मागितली. डेअरीला एकटे जाणार, उघड उघड. मी दिली. फाटकापर्यंत गेले, फाटकात थांबले. डांबरीवर ट्रॉली येत होती, ऊस लोंबत होता. मी पदर तोंडात घेतला. ह्यांनी पाऊल मागं घेतलं, मान खाली केली, ट्रॉली गेली, मान वर केली, आणि दिसेनासे झाले.

मला काय करावं ते कळेना. गोठा झाडला. झाडलेला परत झाडला.

आले माघारी. अंगणात माझ्यासमोर उभे राहिले.

"काय म्हणतोय चष्मा?" मी म्हटलं.

"धोंडुबाई समोर हाय, म्हणतोय."

"बदललं व्हय?"

"संयूला इचारून केलं. मेढ्यातच."

मला बरं वाटलं, पण तोंडावर दाखवायची माझी पद्धत नाही. आणि तेवढ्यात माझं लक्ष किटलीकडं गेलं. किटलीला झाकण नाही. स्टीलचं, घट्ट बसणारं, वीरधवलच्या बायकोनं दिलेलं.

"झाकान कुटं पाडलंसा?"

"डेअरीत ऱ्हायलं आसंल."

"मग हितं काय उबं ऱ्हायलाय? जावा, बगून या."

हे गेले. मी मागं गेले नाही. आत आले, चहा ठेवला, आणि भिंतीला टेकून बसून गरम गरम प्याले.